क्लॅरी हॉस्किनला बेकारांत मोजा

क्लॅरी हॉस्किनने चौतीस वर्षं लोखंड ओतायच्या फाउंड्रीत रेतीचे साचे भरले. पंपांची कवचं, ट्रामच्या ब्रेकचे ठोकळे, गटारांची झाकणं. रेतीत ओल किती आहे हे तो मुठीत दाबून सांगायचा. प्रयोगशाळेतले साहेब यंत्र लावून अर्ध्या तासाने तेच सांगायचे.

मी त्याच फाउंड्रीत होतो. माझी फुफ्फुसं फाउंड्रीच्या आधी संपली, म्हणून मी दोन वर्षं आधीच पेन्शनवर घरी आलो. क्लॅरी माझ्याहून आठ वर्षांनी लहान. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहराच्या उत्तरेला आमची घरं समोरासमोर आहेत. मधे रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला सरकारी गवत. त्याच्या बाजूचं गवत नेहमी माझ्या बाजूपेक्षा बोटभर आखूड.

१९९१च्या जूनमध्ये फाउंड्री बंद झाली. कारखाना एका दिवसात बंद होत नाही. आधी ओव्हरटाइम जातो. मग नवे शिकाऊ घेणं थांबतं. मग शुक्रवारची सुट्टी होते, मग गुरुवारची. हे दीड वर्ष चाललं, आणि दीड वर्षात रेडिओवर आमच्याबद्दल एक शब्द नव्हता. तीन दिवस कामावर जाणारा माणूस सरकारच्या हिशेबी कामावरच असतो. कँटीनवालीला मात्र सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ती रोज चाळीस सॉसेज रोल गरम करायची, ते बारावर आले होते.

जुलैत क्लॅरीच्या घरी सरकारी गणना खात्याचं पत्र आलं. तुमचं घर निवडलं गेलं आहे, आमचा माणूस आठ महिने दर महिन्याला येईल, घरात कोण काम करतं आणि कोण नाही ते विचारील. उत्तर देणं कायद्याने बंधनकारक.

माणूस आली ती नोरीन पास्को. पन्नाशीची, बारीक, निळा स्वेटर, हातात कागद लावलेली फळी आणि फळीला सुतळीने बांधलेली पेन्सिल. पूर्वी शाळेच्या ऑफिसात होती. प्रश्न पाठ असूनही ती प्रत्येक वेळी कार्डावरून वाचायची. कामाची ती पद्धत मला आवडली.

"गेल्या आठवड्यात तुम्ही पगारावर, नफ्यासाठी किंवा वस्तूच्या मोबदल्यात एक तास किंवा अधिक काम केलंत का?"

"बाई, फाउंड्री बंद झाली. पेपरात आलंय."

"वाचलं मी. पण मला विचारावंच लागतं. केलंत का?"

"समोरच्या विंकोच्या फाटकाला बिजागऱ्या बसवल्या," क्लॅरी म्हणाला. विंको म्हणजे मी. "त्याने स्वतः बसवल्या होत्या. फाटक आतही उघडत नव्हतं आणि बाहेरही."

"किती वेळ लागला?"

"तीन तास वीस मिनिटं."

"त्याचं काही मिळालं?"

"मैत्रीत काय मिळायचं? पेटी दिली."

"कसली पेटी?"

"बिअरची. चोवीस टिनांची. आणखी कसली असते?"

नोरीनने पेन्सिल चालवली. "वस्तूच्या मोबदल्यात. म्हणजे तुम्ही कामावर आहात, मिस्टर हॉस्किन."

क्लॅरी रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आला.

"विंको, मी तुझ्याकडे कामाला आहे."

"कधीपासून?"

"गेल्या मंगळवारपासून. सरकारने लिहून घेतलंय."

"मग उद्या सातला ये. उशीर झाला तर अर्धा दिवस कापीन."

आम्ही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

पेटीचं सांगायला हवं. आमच्याकडे मित्राने काम केलं तर त्याला पैसे देत नाहीत. पैसे पुढे केले तर तो महिनाभर बोलणार नाही. पण काहीच दिलं नाही तर गल्ली बोलणार नाही. म्हणून पेटी. लहान काम असो, मोठं असो, चोवीस टिन. मी १९५९मध्ये इथे आलो तेव्हा इंग्रजीचे चार शब्द यायचे, पण पेटीचा नियम पहिल्याच आठवड्यात कळला.

ऑगस्टमध्ये नोरीन पुन्हा आली. त्या महिन्यात क्लॅरीने कुणाचं काही केलं नव्हतं.

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का?"

"कुठे शोधू? दोनशे दहा जण एका दिवशी बाहेर पडलो. या शहरात साचेकार लागतो अशी दोन दारं होती. एक आमचं. दुसरं मार्चमध्ये बंद झालं."

"म्हणजे शोधलं नाही."

"नाही."

"मग तुम्ही श्रमशक्तीच्या बाहेर आहात."

"बाहेर म्हणजे?"

"म्हणजे कामावर नाही, आणि बेकारही नाही."

"मग मी आहे काय?"

नोरीनने कार्ड उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. "ते इथे दिलेलं नाही," ती म्हणाली.

यावरही क्लॅरी हसला असता. पण पुढच्याच आठवड्यात बेकारीचा सरकारी आकडा जाहीर झाला. बेकारी जरा उतरली होती. रेडिओवर मंत्र्याला विचारलं, कारखाने तर बंद पडताहेत, मग बेकारी उतरली कशी? मंत्री म्हणाले, पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच पुरुषांनी श्रमशक्तीतून माघार घेण्याचं ठरवलेलं दिसतं.

क्लॅरीने सुरी खाली ठेवली. त्याची बायको व्हर्ना सांगते, पुढ्यातली मटणाची चाप तशीच गार झाली. लग्नाच्या तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"ठरवलं?" तो रस्ता ओलांडून येऊन मला म्हणाला. "विंको, मी चौतीस वर्षांत भोंग्याच्या आधी एकदा तरी बाहेर पडलो का?"

"एकदा. बोटं चेचली तेव्हा."

"तेव्हा फोरमनने पाठवलं. मी नाही गेलो. आणि हा म्हणतो मी ठरवलं. मी हत्यार खाली टाकून निघून आलो असं लिहिलंय तिथे. ती बाई आणखी सहा वेळा येणार आहे ना? एकदा तरी तिच्याकडून बेकार लिहून घेणार. त्याशिवाय सोडणार नाही."

इतर लोक काम मिळावं म्हणून धडपडत होते. क्लॅरी त्यासाठी धडपडत होताच, पण त्याहून जास्त धडपड त्याला बेकार म्हणून मोजलं जावं म्हणून चालली होती.

सप्टेंबरमध्ये त्याने रोज सकाळी पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती वाचल्या. लाल पेन्सिलीने खुणा केल्या. साचेकाराची जाहिरात नव्हती म्हणून वेल्डरच्या, रखवालदाराच्या, एका ठिकाणी नृत्यशिक्षकाच्या जाहिरातीलाही खूण होती. ती चुकून झाली असं तो म्हणतो. महिन्याचे सगळे पेपर त्याने नोरीनपुढे ठेवले.

"अर्ज केलात?"

"एकही जाहिरात माझ्या कामाची नव्हती."

"फोन? कुठे जाऊन विचारलंत? रोजगार कार्यालयात नाव?"

"वाचलं. रोज. दीड तास."

"नुसतं वाचणं धरत नाहीत, मिस्टर हॉस्किन. हात-पाय हलवावे लागतात."

पुन्हा बाहेर.

हे मला पटलं, आणि मी त्याला तसं सांगितलं. खुर्चीत बसून वाचणं म्हणजे काम शोधणं नव्हे. क्लॅरीलाही ते पटलं, म्हणून तो जास्त चिडला. दुसऱ्या दिवसापासून त्याने टाय बांधली आणि चालत निघाला. लोकरीची गोदामं, सिमेंट, तेलशुद्धी, मिठागर, खताचा कारखाना. बसने नाही. गेटवर घाम आलेला दिसला पाहिजे म्हणायचा, नाहीतर त्यांना वाटेल मी फिरायला आलोय. प्रत्येक गेटवरच्या पहारेकऱ्याचं नाव तो वहीत लिहून घ्यायचा. तीन आठवड्यांत सव्वीस नावं. चौथ्या आठवड्यात कंबर धरली. सोमवार ते रविवार तो बैठकीच्या खोलीत जमिनीवर उताणा पडून होता. वही छातीवर होती.

ऑक्टोबरात नोरीन आली तेव्हा तो उठून बसला होता.

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का?"

"सव्वीस गेट." त्याने वही पुढे केली.

नोरीन खूश झाली. तिला मनापासून आनंद झाला होता, व्हर्नानेही पाहिलं. मग तिने पुढचं कार्ड वाचलं. "आणि गेल्या आठवड्यात काम मिळालं असतं तर तुम्हाला सुरू करता आलं असतं का?"

क्लॅरीने जमिनीवरच्या उशीकडे पाहिलं. व्हर्ना त्याला डोळ्यांनी खुणावत होती. हो म्हण, हो म्हण.

"नाही," क्लॅरी म्हणाला. "गेल्या आठवड्यात मला मोजेसुद्धा हिने चढवले."

बाहेर.

मग नोरीन व्हर्नाकडे वळली. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाबद्दल विचारायचं असतं. व्हर्नाने लग्नानंतर तीस वर्षं पगारी काम केलं नव्हतं. काम केलं? नाही. शोधलं? व्हर्ना जरा लाजली. मंगळवारी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जाऊन विचारून आले, म्हणाली. बसस्टॉपवरच होतं म्हणून. ते म्हणाले बघू. गेल्या आठवड्यात बोलावलं असतं तर जाता आलं असतं? हो, न जायला काय झालं?

"बेकार," नोरीनने लिहिलं.

क्लॅरी ओरडला.

"मी सव्वीस गेट फिरलो! ही एका दारात गेली! तेसुद्धा बस यायची होती म्हणून!"

"अरे, मी काय केलं?" व्हर्ना म्हणाली. "मी फक्त विचारलं."

"तेच तर!"

संध्याकाळी ती बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, मी बेकार झाले! हो, पहिल्याच खेपेला! क्लॅरी? तो अजून नाही झाला. तोंड फुगवून बसलाय." रस्त्यापलीकडे मला सगळं ऐकू आलं. व्हर्नाचा फोनवरचा आवाज फाउंड्रीत उपयोगी पडला असता.

नोरीनला चहा घ्यायची परवानगी होती, स्वतःचं मत सांगायची नव्हती. पण तीन-चार महिने एका टेबलाशी बसल्यावर माणूस थोडं बोलतोच. ती म्हणाली, माझ्या यादीत अशी बरीच घरं आहेत. नवऱ्याचं काम जातं, तो दोन महिन्यांत थकतो आणि मोजणीतून गळतो. बायको घाबरून बाहेर पडते आणि मोजणीत येते. वाईट काळ सुरू होतो तेव्हा आकडा मागे असतो, कारण मालक आधी तास कापतात, माणसं नंतर. आणि चांगला काळ येतो तेव्हा आकडा उलट चढतो, कारण घरी बसलेले सगळे परत विचारायला निघतात.

"मग आकडा कशाला काढता?" क्लॅरी म्हणाला.

"मी आकडा काढत नाही. मी विचारते."

मी यावर पुष्कळ विचार केला. आकडा खोटा नव्हता. मुठीत रेती धरली तर ओल कळते, रेतीत खिळे किती आहेत ते कळत नाही. त्यासाठी चाळण लागते. दोष मुठीचा नाही, मुठीने सगळं कळलं असं म्हणणाऱ्याचा आहे. मंत्र्याने आयुष्यात रेती धरली नसावी.

नोव्हेंबर आणि डिसेंबर पेट्यांनी खाल्ले. गल्लीला क्लॅरीची दया आली होती, आणि दया दाखवायची आमची एकच रीत आहे, काम सांगायचं. कुणाचं गवतकापणी यंत्र, कुणाच्या बार्बेक्यूची जाळी, एका घरचा कुत्र्याचा दरवाजा. नाही म्हणता येत नाही, कारण बिघाड खरा असतो. पेटी परत करता येत नाही, कारण तो अपमान. क्लॅरीच्या गॅरेजमध्ये अकरा पेट्या झाल्या आणि गाडी उन्हात आली. नोरीन दोन्ही महिने म्हणाली, कामावर. जानेवारीत काही मोडलं नाही, पण नाताळपासून महिना संपेपर्यंत इथे उन्हाळ्याची सुट्टी असते, कुठल्याही गेटवर कुत्र्याशिवाय कुणी नसतं. तो चार गेटवर गेला, चारही ठिकाणी कुत्राच भेटला. नोरीनने विचारलं, कुणाला विचारलंत का? कुत्र्याचं नाव त्याने लिहून घेतलं नव्हतं. बाहेर.

त्याच जानेवारीत वृद्धाश्रमाने व्हर्नाला बोलावलं. आठवड्याला तीन पाळ्या. बेकार म्हणून ती तीन महिने टिकली. क्लॅरीने तिला डबा भरून दिला आणि बसपर्यंत सोडलं. चिडला नाही. फक्त म्हणाला, "तुला दोन्ही मिळालं."

फेब्रुवारीची मोजणी शेवटची. क्लॅरीने तयारी भट्टी पेटवण्याआधी करतात तशी केली. चार आठवडे गेट, टाय, वही. कमरेला पट्टा. ज्या आठवड्याबद्दल नोरीन विचारणार होती, त्याच्या आदल्या रविवारी तो घरोघर फिरला.

"या आठवड्यात मला काही सांगायचं नाही. काही मोडलं तर मोडू दे. सोमवार ते रविवार मी बेकार आहे."

"आणि पुढच्या सोमवारी?" शेजारणीने विचारलं.

"पुढच्या सोमवारी तुझं यंत्र घेऊन ये."

गल्लीने पाळलं. सोमवार, मंगळवार, बुधवार कोरडे गेले. गुरुवारी, चाळीस अंशांच्या उन्हात, माझ्या धुण्याच्या खोलीतला नळ भिंतीतून फुटला.

मी त्याला बोलावलं नाही. हे लिहून ठेवा. मी चिंधी बांधली, तार गुंडाळली, मुख्य तोटी बंद करायला गेलो तर ती गंजून घट्ट बसलेली. पाणी खोलीतून अंगणात, अंगणातून फाटकाखालून रस्त्यावर. क्लॅरी पलीकडे व्हरांड्यात बसून बेकार राहत होता. पाणी त्याच्या बाजूला पोचलं आणि तो पाना घेऊन आला.

"मी बोलावलेलं नाही हां," मी म्हणालो.

"तू बोलावलं नाहीस. पाणी आलं. बाजूला हो."

त्याने तोटी फिरवली, फुटका तुकडा कापला, नवा बसवला, गळती तपासली. पाना पुन्हा लावून जोड आणखी घट्ट केला. माझी नजर घड्याळाकडे होती, ती फाउंड्रीची खोड आहे. दोन वाजून दहा ते तीन वाजून पाच. मग तो म्हणाला, "पेटी आणलीस तर तुझ्या डोक्यात घालीन."

"आणणार नाही. शप्पथ."

शनिवारी सकाळी मी पावासाठी दुकानात गेलो. परत आलो, खुर्चीत बसलो, आणि मग लक्षात आलं की पाव आणताना मी पेटीही घेतली होती आणि येता येता क्लॅरीच्या मागच्या पायरीवर ठेवली होती. तीस वर्षांच्या सवयीला डोकं लागत नाही. धावत परत गेलो. म्हणजे माझ्यासारखा माणूस धावतो तितकं. व्हर्नाने टिन फ्रिजमध्ये रचून टाकले होते.

"विंको, किती रे चांगला तू," ती म्हणाली. मी मान डोलावून घरी आलो. तिथे बोलायला हवं होतं.

सोमवारी सकाळी मिठागरावर माणसं घेणार असं ऐकून क्लॅरी सहाला निघून गेला. नोरीन नऊला आली. घरातला कुणीही मोठा माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तर देऊ शकतो, नियम तसा आहे. व्हर्नाने दिलं.

पुढचं मला नोरीननेच नंतर सांगितलं. तिने विचारलं, मिस्टर हॉस्किनांनी गेल्या आठवड्यात काम केलं का? आता व्हर्ना स्वतः कामावर होती. अंगावर कामाचा झगा होता. समोर निळ्या स्वेटरची परकी बाई पेन्सिल धरून बसली होती. मी कामाला जाते आणि नवरा रिकामा बसतो, हे तिच्याने सांगवेना.

"माझा नवरा एक दिवस रिकामा बसत नाही," ती म्हणाली. "गुरुवारी तासभर समोरचा नळ करत होता, चाळीस अंशांत. पेटी फ्रिजमध्ये आहे, बघा हवं तर."

नोरीनला फ्रिज बघायची गरज नव्हती.

क्लॅरी कोपऱ्यावर दिसला तेव्हा नोरीन गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून नीट करत होती. तो घरात गेला. मग व्हर्नाचा आवाज, "मला वाटलं तुला बरं वाटेल!" आणि क्लॅरी टाय खांद्यावर टाकून बाहेर.

"बाई! थांबा! मी बेकार आहे!"

गल्लीतली सगळी जाळीची दारं उघडली. मीही रस्ता ओलांडला. माझा गुन्हा होता.

"कागद अजून पोस्टात टाकलेला नाही," नोरीन म्हणाली. "चूक असेल तर दुरुस्त करता येते. काम केलंत का?"

"नळ केला. पण पेटी घ्यायची नाही असं ठरलं होतं."

"पेटी दिली गेली का?"

"दिली," मी म्हणालो. "चुकून."

"चुकून दिलेल्या पेटीला वेगळा रकाना नाही." तिने कागदावर बोट ठेवलं. "तुमच्या पत्नी म्हणाल्या, एक तास. बरोबर आहे का?"

मला घड्याळ आठवलं. "पंचावन्न मिनिटं!" मी ओरडलो. "दोन दहा ते तीन पाच! मी साक्षीदार आहे!"

नोरीनने चष्मा वर केला. "पंचावन्न? मग तासाच्या आत. मग ते कामच नाही." ती फळीखाली खोडरबर शोधायला लागली आणि सापडल्यावर हसली. आठ महिन्यांत तिला हसताना मी दुसऱ्यांदा पाहिलं. क्लॅरी गाडीला टेकला. त्याचा चेहरा असा मोकळा झाला, जसा साच्यातला रेतीचा गाभा न फुटता निघाला की व्हायचा.

खोडरबर कागदावर टेकलं होतं. पण नोरीन नोरीन होती. "सगळं धरून पंचावन्न ना?"

"सगळं धरून," मी म्हणालो.

क्लॅरी स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"मिस्टर हॉस्किन?"

"हात धुतले," क्लॅरी म्हणाला. "आणि पाना पुसला, तेल लावलं. दहा मिनिटं."

इथे एक जुनी गोष्ट सांगावी लागते. भोंगा झाला तरी साचेकाराचे हात कोपरापर्यंत काळे असतात. मालक म्हणायचे, धुणं तुमच्या वेळात. १९६७च्या हिवाळ्यात आम्ही अकरा दिवस गेटबाहेर उभे राहिलो आणि रोजची दहा मिनिटं मिळवली, पगारी, हत्यारं पुसायला आणि हात धुवायला. वाटाघाटीला गेलेल्या तिघांत क्लॅरी होता. घाण कामाने लागली तर ती काढणंही काम, हे त्याने साहेबाच्या टेबलावर काळा हात ठेवून सांगितलं होतं. त्या टेबलावर डाग राहिला असं म्हणतात.

"ते धरू नकोस," मी हळूच म्हणालो.

"का?"

"आज नको धरूस. एक दिवस."

"विंको, त्या अकरा दिवसांत तू होतास ना?"

"होतो."

"मग?"

मी एक पाऊल मागे सरलो.

नोरीनने खोडरबर उचलून धरलं होतं. "मिस्टर हॉस्किन," ती कार्डाकडे न बघता म्हणाली, "ही शेवटची खेप आहे. पुढच्या महिन्यात मी दुसऱ्या गल्लीत. हात धुणं हे काम, असं माझ्या कार्डावर कुठेही लिहिलेलं नाही."

"काम नाही असं लिहिलंय?"

"नाही. तेही नाही."

"मग मी सांगतो. हात धुणं काम आहे. पासष्ट मिनिटं, बाई."

व्हरांड्यातून व्हर्ना म्हणाली, "अरे देवा." नोरीनने खोडरबर खिशात टाकलं.

"कामावर," ती म्हणाली. "तास: एक."

"एक आणि पाच मिनिटं."

"पूर्ण तास लिहायचे असतात. मिनिटांना जागा नाही."

"आम्ही अकरा दिवस तासासाठी नव्हतो उभे. मिनिटांसाठी होतो."

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. कागदाच्या कडेला बोटभर पांढरी पट्टी होती. तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं आणि फळी त्याच्यापुढे धरली. प्रत्यक्षात एक तास पाच मिनिटं, हात धुणं धरून.

"ही कड कुणी वाचत नाही," ती म्हणाली. "यंत्र फक्त चौकटी वाचतं."

क्लॅरीने दोनदा वाचलं. "'आणि हत्यारं पुसणं' राहिलं," तो म्हणाला. तिने तेही लिहिलं.

अशा रीतीने त्या महिन्यात हॉस्किनांच्या घरात दोन माणसं होती आणि दोन्ही कामावर होती. अख्ख्या गल्लीत मंदी फक्त तेवढ्या एका घरात नव्हती.

मार्चमध्ये आकडा आला. आम्ही तिघे व्हर्नाच्या स्वयंपाकघरात ऐकत होतो. बेकारी किंचित उतरली होती. मंत्री म्हणाले, कठीण काळ मागे पडू लागला आहे.

"चांगलं झालं म्हणायचं," व्हर्ना डबा भरत म्हणाली.

"त्यात माझाही एक तास आहे," क्लॅरी म्हणाला. "पाच मिनिटं यंत्राने गाळली."

त्याने रेडिओ बंद केला आणि आरशापुढे टाय बांधली. खताच्या कारखान्यात गोणी भरायला माणसं घेणार होते, सात वाजता. मी म्हटलं, आता कशाला वही घेतोस, आता विचारणारं कुणी नाही.

"गेट आहेच ना," तो म्हणाला, आणि चालत निघाला.